पाचवा पट्टा

६ फेब्रुवारी २०१६, फ्लॅट बुश
आलो एकदाचा! पामर्स्टन नॉर्थचं कॉलेज अर्ध्यात सोडलं म्हणून आई रडली, बाबा बोलत नाहीत. नका बोलू. इथे मैत्रेयी आहे. चारुदत्तदादांनी त्यांच्या घरातली वरची खोली दिलीय, रंग मी द्यायचा या बोलीवर. घर इतकं नवं की जिन्याला अजून लाकडाचा वास येतो. खोली आवडली तर मैत्रेयीही इथेच येणार. विनितावहिनी म्हणाल्या, तू आधी भिंत धड रंगव, लग्नाचं मी बघते.

७ फेब्रुवारी
बेज रंगाचे चार टेस्टपॉट, म्हणजे नमुन्याचे छोटे डबे, आणले, भिंतीवर पट्टे ओढले. मैत्रेयी बघतच राहिली. एकात गुलाबी झाक आहे म्हणे, एकात हिरवी. मी म्हटलं, चारही चहात बुडवलेली बिस्किटं आहेत, उचल कुठलंही. ती म्हणाली, तुला कधी काही नीट बघायचंच नसतं. माझं डोकं फिरलं. डबा भिंतीवर फेकला. ती जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, हातात घेऊन अनवाणीच गेली.

९ फेब्रुवारी
फोन उचलत नाही. तिची कॉम्पॅक्ट पावडर माझ्या बॅगेत राहिलीय. रंगाच्या दुकानात नेली. तिथलं यंत्र कशाचाही रंग वाचतं आणि हुबेहूब तसाच बनवतं. काउंटरवरचा म्हणाला, स्वीट ॲज, म्हणजे एकदम झकास. पाचवा पट्टा ओढला. तिचाच गाल! आता दिसतो गं फरक. आता ये ना.

११ फेब्रुवारी
पाचवा पट्टा वाढलाय. मी ब्रश लावलेला नाही. हात ठेवला, तर कोमट. वहिनी म्हणाल्या, ऊन असेल. या भिंतीवर ऊन येतच नाही.

१३ फेब्रुवारी
तिची बहीण स्वरदा फोनवर ओरडली, काय केलंस तिला? मैत्रेयी पांढरीफटक पडत चाललीय. अंग गार. डॉक्टरांना कळत नाही. इथे भिंतीवर खांदा उमटलाय. मान. हनुवटी—

१४ फेब्रुवारी
स्वरदाला सगळं सांगितलं. म्हणाली, वेड लागलंय तुला. मग म्हणाली, पण घास.
पॉलिशपेपरने घासलं. तिच्या ओठांवर रंग आला म्हणे. आणखी घासलं. तिचा चेहरा मी पुसला. माझ्या हाताने.

१५ फेब्रुवारी
ती उठून बसली. फक्त उजवा हात गार. इथे भिंतीवर तेवढाच उरलाय. तोही पुसला की माझ्याकडे तिचं काहीच—
उद्या घासतो.

१६ फेब्रुवारी
स्वरदा फोनवर रडतेय. हात काळा पडतोय, उशीर करू नकोस रे—
घासणारच होतो. भिंतीवरचा तो हात फक्त एकदा हातात घेतला. बोटं मिटली. माझ्या बोटांवर.
डाव्या हाताने लिहितोय. मैत्रेयी, सोड. घासू दे. ती सोडत नाही— की मीच—