गजावरची खूण

वेंडेल,

तुझी ठासणीची बंदूक शोधत बसू नकोस. ब्यूफोर्ड बंदूकवाल्याकडे घेऊन गेलेय, गोळ्या बाहेर काढायला. हो, गोळ्या. सकाळी तू झोपेत असताना नळीत गज घालून पाहिला. एक बार असला की तू कोरलेली खूण नळीच्या तोंडाशी येते. ती चार बोटं वर राहिली.

काल तू हटून बसला होतास: हरणाला लांब गोळीच हवी, खाली नव्वद ग्रेन दारू. मी म्हटलं, खांदा दुखतोय ना, मग चिंधीत गुंडाळलेली गोल गोळी घे, साठ ग्रेन दारू पुरे. तू धुसफुसत व्हरांड्यात गेलास आणि लांब गोळी ठासलीस. जेवणानंतर शहाण्यासारखी गोल गोळीही ठासलीस. आधीचा बार आत आहे हे तू साफ विसरला होतास.

छत्तीस वर्षांत पहिल्यांदा माझं ऐकलंस, आणि त्यापायी नळी तुझ्या तोंडावर फुटली असती.

मक्याचा पाव ओव्हनमध्ये आहे. गरम करायला जाऊ नकोस, तसाच खा.

ब्यूफोर्डला सांगेन की दोनदा मीच ठासलं. तुझ्या विसरण्याबद्दल डॉक्टरांपुढे मात्र खोटं बोलणार नाही. शनिवारी ते तुला तपासतील तेव्हा मीही आत येतेय.

अर्लीन