शिशातली वाळू

१२ सप्टेंबर
साचा सापडला! गोठ्याच्या दारावर टांगलेल्या बर्दान बंदुकीच्या गोळ्यांचा. बंदूक झारच्या फौजेतली, पणजोबांची. तिची काडतुसं आता दुकानात मिळत नाहीत — म्हणूनच मला खुमखुमी. जन्मभर तुर्कू शहरात दातांचे साचे ओतले, आता निवृत्त होऊन आईच्या रिकाम्या घरी आले; एक गोळी ओतता येणार नाही?

१३ सप्टेंबर
काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या आहेत, काळी दारू आहे. मऊ शिसं तेवढं हवं. टाऊनोला फोन केला. धाकटा भाऊ, पण बोलतो थोरल्यासारखा. "इंपी, बोटं उडवून घे म्हणजे झालं!"

१६ सप्टेंबर
माळ्यावर पिशवीभर शिसं मिळालं, नुसते वेडेवाकडे गोळे! अंगणात वितळवलं. गोळ्या अशा चकचकीत उतरल्या की बघत राहावं. मग प्रत्येकीला पातळ कागद गुंडाळला, बाळाला दुपट्यात बांधतात तसा.

एक मात्र कळेना. वर तरंगलेल्या मळीत वाळू होती — बारीक, पिवळट. शिशात वाळू कुठून येईल?

१७ सप्टेंबर
टाऊनो कॉफीला आला. रिकामी पिशवी पाहिली आणि कप खाली ठेवला. "अगं, काय केलंस हे! ही आईची पिशवी!"

नववर्षाच्या आदल्या रात्री आम्ही फिनलंडचे लोक शिसं वितळवून पाण्यात ओततो, गोळ्याची सावली बघून वर्ष कसं जाईल ते सांगतो. ते गोळे आईने जपून ठेवले होते, हे मला ठाऊकच नव्हतं. मी तिकडे तुर्कूत. दरसाल तिच्याजवळ बसतो तो टाऊनो. वृद्धाश्रमात गेल्यापासून ती आमची नावंही विसरली आहे, पण त्या रात्री पिशवी मागते. एकेक गोळा उचलून सांगते, हा धाकट्याच्या जन्माचा, हा त्यांच्या आजारपणाचा...

"यंदा काय देणार तिच्या हातात? काडतुसं?"

१८ सप्टेंबर
रडले. दुसरं काही सुचलं नाही.

२६ सप्टेंबर
टाऊनो आला. "मी पुन्हा ओतते पाण्यात," म्हटलं. "खोटे गोळे नकोत," म्हणाला. मग रागानेच — "आता भरलीच आहेस तर मार तरी!"

वाळूच्या खाणीत गेलो. काय आवाज! खांदा काळानिळा झाला, धुरात निशाणाची पाटी दिसेना. गोळ्या लागल्या कुठे ते बघायला मी पाटीमागचा वाळूचा ढीग उकरला. एकेक गोळी चेपलेली, पिळवटलेली, एकीसारखी दुसरी नाही. वाळू अशी रुतलेली की नखाने निघेना. टाऊनो कितीतरी वेळ बघत राहिला. "शिसं तर आईचंच, दिसतंही तसंच," म्हणाला आणि फावडं आणायला गेला.

३० डिसेंबर
पिशवी भरली आहे. उद्या आश्रमात. भीती वाटते. आईला फसवतोय आम्ही.

३१ डिसेंबर
आईने एक गोळा दिव्यापुढे धरला, वाळू नखाने खरवडली आणि खुदकन हसली. "बर्दान! तुझ्या बापानेही हेच केलं होतं, धाकटा पाळण्यात होता तेव्हा. माझे गोळे वितळवून बंदुकीतून झाडले, मग वाळूचा ढीग उकरून पिशवी भरून ठेवली. त्याला वाटलं, हिला कळायचं नाही! मीही बोलले नाही कधी."

"मग टाऊनोच्या जन्माचा गोळा?" मी विचारलं.

"मी म्हणेन तो." तिने तोच गोळा माझ्या हातावर ठेवला. "हा तुझा, इंपी."

इंपी म्हणाली!