मातामायच्या फुलाचं नाव

२१ ऑगस्ट
गेल्या पावसाळ्यातली ती सकाळ. आंघोळ करून अनवाणी तलावाच्या पाळीवर गेलो, मातामायसमोर नारळ फोडला, माफी मागितली आणि तिच्या ठाण्यामागची वीतभर उंचीची, पांढऱ्या फुलांची झाडं मुळासकट उपटली. नागपूरच्या कॉलेजातले वनस्पतीचे सर मागे झाडं दाबायचे कागद घेऊन उभे. ठाण्यावरचं पानही आमच्यात कोणी तोडत नाही. परक्या हाताने नको, म्हणून मीच. सर म्हणाले होते, "भाऊ, शास्त्रात याला नावच नाही. मातामायचं ठेवू."
आज सरांचा छापील लेख मोबाईलवर आला. सुनेने दोनदा वाचला. मग हळूच, "बाबा, मायचं नाव नाही ना यात." नाव कोण्या कमिटीवरच्या मोठ्या साहेबाचं. शेवटी आभार. त्यात मी 'एक गावकरी'.

२२ ऑगस्ट
जेवलो नाही. आठ वर्षं सर याच ओसरीत झोपले. पोरीच्या लग्नात वाढायला उभे होते. इथेच सांगायचे, पूर्वी एकेका झाडाचं नाव म्हणजे ओळभर वर्णन. मग परदेशातल्या एकाने दोन शब्दांची रीत पाडली, पहिला कुळाचा, दुसरा ज्याचा त्याचा. स्वतःचं नाव कोणी देत नाही म्हणे, शोभत नाही. म्हणून एकमेकांचं देतात, हे सांगायचं राहिलं.

२५ ऑ.
बायजाकाकी ठाणं सारवत होती. "काऊन रे, लागलं का मायचं नाव?"
"नाही लागलं."
"मंग उपटलं कायले?"
पुन्हा सारवायला लागली. मी पाणी आणून दिलं.

२८ ऑ.
फोन केला. "अहो भाऊ, त्या साहेबांमुळे परवानगी मिळाली. पुढच्या झाडाला मायचं नक्की. आता झाडांना बी धरेल, ते न्यायला येतोच."
"हे बदलता नाही येत?"
"छापलं ना आता."
एकदा विचारलं असतं तर मी...

२ सप्टें.
पाळ पाहून आलो. उपटलं तिथे यंदा काही उगवलं नाही. सांडव्यापलीकडे थोडी आहेत. फुलावर. कोणाला ठाऊक नाही. मायला विचारलं, काय करू.

६ सप्टें.
सर आले. बायकोने चहा दिला, नेहमीसारखी साखर कमी. मग पाळीवर जुनी जागा धुंडाळून सर थकले. "भाऊ, दुसरीकडे कुठे?"
'नाहीत' तोंडावर आलं होतं. पण माय समोर.
"आहेत. दाखवणार नाही."
सर हसले. "काऊन जी, रुसून राहिले का?" आमची बोली, मला चिडवायला.
"दाखवणार नाही," पुन्हा म्हणालो.
मग हसले नाहीत. परवानगीचा कागद आहे, माणसं घेऊन येतो, म्हणाले. गाडी मोहाच्या झाडाखाली बराच वेळ उभी होती, सर आत बसून माझ्याकडे बघत. येतीलही. मी सांडव्याकडे न बघता घरी आलो.