चांदी, सिमेंट, सोनं आन् लाख

२ जानेवारी १९६१, सोमवार. अकोला.
नवीन साल, नवीन वही. उजवीकडच्या खालच्या दाढेले भोक पडलं. जीभ सारखी तिथंच जाते. माय म्हने दवाखान्यात जाय. मी म्हनलं, आधी अभ्यास करतो, मंग जातो. घाईघाईनं काहीबाही भरून घेनं हे अडान्याचं काम. शाळा सोडली म्हनजे अभ्यास सोडला असं थोडंच हाय? शाळा तर घसा बसला म्हनून सोडली. उभं राहून कविता म्हना लागे, त्याचा काही संबंध नाई.

४ जानेवारी, बुधवार.
दाताच्या दवाखान्यासमोरच्या पानठेल्यावर उभा राहून सगळी माहिती काढली. माल तीन परकारचा.
चांदी : चांदीचा भुगा पाऱ्यात खलते, नरम हाय तवरच दाबून भरते, मंग दगडावानी होते. टिकाऊ. पन काळी पडते.
सिमेंट : दिसाले दातासारखं पांढरं. पन लाळेनं झिजते.
सोनं : जल्मभर.
दवाखान्याच्या आत गेलो नाई. आत पारा खलाले ललिता असते. डॉक्टरची पुतनी, माह्या वर्गात होती, आता मॅट्रिक झाली. तिच्यापुढं आ करून, लाळ गाळत बसनं बरं दिसत नाई. तिच्यासाठी म्हनतो. तिलेच लाजल्यासारखं होईन.

६ जानेवारी, शुक्रवार.
ललिता आमच्या दुकानावर संत्री घ्याले आली. मी पोत्यामागं होतो. पोते मोजून राहिलो होतो. दोन होते.
श्रावण कुठी हाय, असं तिनं इचारलं. मायनं सगळंच सांगतलं. दाढ ठनकते, भाकर दुधात कुस्करून खाते, दवाखान्याचं नाव काढलं की न्हानीत जाऊन बसते. ललिता म्हने, पाठवा त्याले, कीड मुळापर्यंत गेली नसन तर चांदी भरून दाढ वाचन. मंग नाई वाचनार.
मायच्या तोंडाले झाकन नाई.
ठरलं. संक्रांतीले दवाखान्यात जायाचं. ललिताले तिळगूळ द्याचा, तोंडानं नीट बोलून, आन् मंग दाढ दाखवाची. आतापासून पाठ करून राहिलो.

९ जानेवारी, सोमवार.
मोठा शोध लागला. मायची पोत तुटली म्हनून किसनराव सोनाराकडं नेली. पाहतो तर सोन्याचा मनी आतून पोकळ, आन् त्यात लाख भरलेली. चेपू नाई म्हनून भरतेत म्हने. मंग दाढ काय हाय? पोकळ मनीच. सोन्यात लाख चालते तर दाढेत काहून चालनार नाई? काळी पडत नाई, झिजत नाई. इतक्या शिकलेल्या डॉक्टरले हे सुचलं नाई.
किसनरावले मी हे समजावलं. ते चिमटा खाली ठेवून म्हने, "लेका, मन्याले नस नसते."
म्हातारे झाले किसनराव. नवीन इचार त्याईले पेलत नाई. लाखेचा तुकडा मातर मागून आनला.

१० जानेवारी, मंगळवार.
चुलीवर काडीनं लाख नरम केली आन् भरली. जीभ भाजली, पन ते हात हालला म्हनून. लाखेचा दोष नाई. दाढ गच्च झाली. आता पान्याचा थेंब आत जानार नाई. ठनकनं वाढलं. म्हनजे लाख आत जागा करून राहिली.

१२ जानेवारी, गुरुवार.
माय म्हने गाल सुजला. मी म्हनलं तब्येत सुधरून राहिली. माय म्हने एकाच बाजूनं?
मी आरसा भिंतीकडं फिरवून ठेवला.

१४ जानेवारी, शनिवार. संक्रांत. सकाळ.
पाठ पक्कं हाय. आज बोलतोच.

तोच दिवस, संध्याकाळ.
ललिता दवाखान्याच्या दारातच होती. मी तिळगुळाची पुडी पुढं केली. तिनं घेतली. पाठ केलेलं आठवेना. तिनं आपला लाडू माह्या हातावर ठेवला आन् म्हने, "तिळगूळ घे श्रावण, आन् बोल तरी काही."
बोला लागू नाई म्हनून लाडू आख्खाच तोंडात टाकला. उजव्या बाजूनं चावला.
कडकन आवाज झाला. हातात अर्धा लाडू, अर्धी दाढ आन् लाख आली. ललितानं ते उचललं, उजेडात धरलं आन् आत आवाज देल्ला, "काका, याच्या दाढेत सोनाराची लाख हाय." बाकावरचे पेशंट आपापले गाल धरून पाहाले उठले.
डॉक्टर म्हने, सोमवारी आला असता तर चांदीत भागलं असतं. आता आत पू झाला. उरलेली दाढ उपटली. माहं डोकं धरून उभी होती ललिता. मी मोठ्यानं ओरडलो. माहा घसा बसलेला नाई, हे तिले कळलं.

१५ जानेवारी, रविवार.
डॉक्टरनं माही लाख काचेच्या बाटलीत ठेवली. येनाऱ्या-जानाऱ्याले दाखवते म्हने. चांदी-सिमेंटची बाटली कोनी ठेवते काय?
सध्या भोकात कापूस हाय. चांदी नाई, सोनं नाई, साधा कापूस. ललितानंच बोळा करून देल्ला. म्हने दाबून धर आन् बोलू नको.
कधीपर्यंत, ते इचाराचं होतं. पन तोंडात कापूस होता.