लॅबच्या मशीनचे आकडे संपले

सूनबाई,

कुणाचा विश्वास बसणार नाही, पण कोरोनाच्या लशीनंतर माझ्या अँटिबॉडी मोजताना लॅबच्या मशीनचे आकडे संपले आणि तिथल्या बाई बोटांवर मोजत बसल्या. म्हणून तुझ्या सासूजवळ मीच थांबतोय. तू बाळाला घेऊन बहिणीकडे जा, या खोलीचं दार उघडू नकोस. तिचा ऑक्सिजन ब्याऐंशीवर आलाय, अँब्युलन्स बोलावलीय. डॉक्टर म्हणतात, अँटिबॉडी जास्त तर धोका कमी, पण खात्री नाही, आणि महिन्यागणिक त्या ओसरतात. माझ्या मात्र ओसरायचं नाव घेत नाहीत.

एवढं लिहून तिला वाचून दाखवलं, तर धापा टाकत म्हणाली, “अहो, तो रिपोर्ट माझा होता, तोही दोन वर्षांपूर्वीचा. तुम्ही तर सुई बघूनच पळालात.”