खडूची एक रेघ

प्रिय पानाय,

उद्या तैपेईत संगीतशिक्षिका म्हणून माझा सत्कार आहे. पुस्तिकेत आपल्या सहावीच्या वर्गाचा फोटो छापणार आहेत. खाली ओळ आहे, ‘प्रत्येक मुलाला मत’. फळ्याजवळ खडू घेऊन तू उभी आहेस.

संमेलनात कुठलं गाणं म्हणायचं, यावर मी त्या दिवशी मतदान घेतलं होतं. तू वर्गप्रमुख, म्हणून मोजणी तुझ्याकडे. पाच मतांच्या पाच रेघा झाल्या की ‘चंग’ हे चिनी अक्षर पुरं होतं. त्याचा अर्थ ‘रास्त’. सिनेमातल्या गाण्याखाली अशी पाच अक्षरं झाली. तुझ्या आजीच्या, तुमच्या आमिस आदिवासींच्या गाण्याला एकही हात वर आला नाही.

“याला शब्दच नाहीत,” वेइलुन ओरडला. “गाणं आहे की जांभई?”

वर्ग हसला. मीही हसले.

तू हळूच आजीच्या गाण्याखाली एक रेघ ओढलीस.

“तू हात कुठे वर केलास?”

“बाई, हातात खडू होता.”

“नियम सगळ्यांना सारखा,” म्हणत मी ती रेघ पुसली.

खरं तर ते गाणं मलाच शिकवता येत नव्हतं. ते कबूल करायला नको, म्हणून मतदान.

उद्या हे भाषणात सांगू का, असं तुला विचारायला बसले होते. पण सांगितलं तरी, खरं बोलले म्हणून टाळ्या मलाच मिळतील. तेव्हा हे पत्र माझ्याजवळच राहील.

फोटोत तुझ्या गाण्याखाली पांढुरका डाग दिसतो. छापखानेवाल्याने विचारलं, “काढून टाकू?” मी म्हटलं, “राहू दे.” एवढंच जमलं.

तुझ्या तेव्हाच्या बाई,
कुओ याहुइ