नमुन्यांची पेटी

अण्णा, पुढच्या महिन्यात मला पंचेचाळीस पूर्ण होतील. याच वयात तुमचा हात थरथरू लागला होता, आणि तुमच्या वडिलांचाही. चिकपेटेतल्या आपल्या शिवणाच्या दुकानात दिवसाची पहिली सुई तुम्हीच ओवायचात, एका दमात, आणि मगच मशिनी सुरू व्हायच्या. एका सकाळी तुम्ही ती सुई माझ्याकडे सरकवलीत आणि म्हणालात, उजेड कमी आहे. उजेड भरपूर होता.

तेव्हा मी वर्तमानपत्रात नोकरीला लागले नव्हते, एका प्रयोगशाळेत काम करत होते. दुधातली साखर पचवणारे जंतू वाढवायचे आणि त्यांनी पाचकरस बनवला की परीक्षानळी पिवळी होते का, ते पाहायचं. एकदा मी चुकून त्यांना ग्लुकोजही घातलं. नळी पिवळी होईना. प्रयोगशाळेचे सर म्हणाले, "पंगतीत जिलबी वाढलीस, आता भाकरी कोण खाणार?" मग त्यांनी समजावलं. पाचकरसाचं जनुक जंतूत असतंच, पण त्यावर एक प्रथिन ठाण मांडून बसतं. दुधातली साखर आली की ते उठतं, जनुकाची नक्कल निघते आणि नकलेवरून पाचकरस बनतो. ग्लुकोज हाताशी असलं, तर नक्कल जेमतेमच निघते.

त्या संध्याकाळी हे मी तुम्हाला सांगते आहे. तुम्ही स्वयंपाकघरात, बशी दोन्ही हातांनी धरून काफी पिता आहात. "म्हणजे आपल्या कागदी नमुन्यांसारखं," तुम्ही म्हणता. "पेटीत शंभर पडलेत. गिऱ्हाईक आल्याशिवाय खडूने कापडावर कोण उतरवून घेतो?" सरांनाही इतकं सोपं सांगता आलं नव्हतं. मी हसते. तुम्ही बशी खाली ठेवता.

"स्वल्प थांब. या हाताचा नमुना तुझ्या पेटीत आहे का?"

"नाही, अण्णा."

"सरी, बरं तर," म्हणालात आणि उरलेली काफी संपवलीत. तुमचा कंप माझ्यात उतरलाय की नाही, मला काहीच ठाऊक नव्हतं. सरांना विचारायचंही धाडस झालं नाही, आजवर कुणालाच विचारलेलं नाही. खात्री नसलेलं वाक्य छापायचं नाही, हे पुढे वर्तमानपत्रात शिकले. तुम्हाला सांगितलेलं ते एक वाक्य मात्र, तुम्ही होतात तोवर, मागे घ्यायचं राहिलं. आता भीती वाटते ती एवढीच, की इतकी वर्षं गप्प पडलेला नमुना कुणाच्या सांगण्यावरून बाहेर निघतो, आणि तो आहे की नाही, हे त्याआधी कळतच नाही.

हे पत्र तुमच्या नमुन्यांच्या पेटीतच ठेवते. रोज सकाळी मी एक सुई ओवून पाहते. आज दोरा तिसऱ्या खेपेला गेला. माझी लेक दारात उभी होती. तिला म्हटलं, उजेड कमी आहे.